डब्यातून डब्यात: डेक्कन क्वीनमधली वाट

मुंबईच्या लोकलमध्ये एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाण्याची सोय कित्येक दशके नव्हती. १९२५ साली विजेवरची पहिली गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याकडे धावली. तेव्हापासून डबा बदलायचा म्हणजे पुढच्या स्टेशनवर उतरून फलाटावरून धावणे, हेच प्रवाशांच्या अंगवळणी पडले.

पुण्याहून रोज नोकरीसाठी मुंबई गाठणाऱ्यांचे तसे नव्हते. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन पुढे पासधारकांची गाडी झाली, आणि १९६६ मध्ये तिला चेन्नईतल्या पेरांबूरच्या रेल्वे कारखान्यातले पोलादी डबे मिळाले. जुन्या पासधारकांच्या आठवणीतली वाट ती याच घडणीच्या डब्यांमधली: बाजूंना घडीदार आवरण आणि पायाखाली एकमेकांवर सरकणारे दोन लोखंडी पत्रे. डबे स्क्रू कपलिंगने, म्हणजे स्क्रू फिरवून आवळायच्या जोडणीने, जोडलेले असत आणि धक्के डब्यांच्या टोकांना बसवलेले दबणारे बफर झेलत, त्यामुळे गाडीचा वेग बदलला की डबे किंचित जवळ येत, पुन्हा दूर होत, आणि नेमक्या त्याच क्षणी पाऊल पत्र्यावर असले तर तोल सावरावा लागे.

खरी कसोटी बोरघाटात लागे. पुण्याकडे परतताना कर्जतला मागे जादा इंजिने जोडली जात, कारण पुढे सदतीस फुटांना एक फूट असा चढ आहे. वळणावर एक पत्रा डावीकडे तर दुसरा उजवीकडे सरके, बोगद्यात चाकांचा आवाज आवरणाच्या आत कोंडून घुमे, आणि पलीकडच्या डब्यातल्या मित्राकडे निघालेला माणूस क्षणभर दारालाच धरून उभा राहत असे. डायनिंग कारमधले वेटर मात्र चीज टोस्ट आणि ऑम्लेटच्या बशा घेऊन हीच वाट सहज पार करीत. या गाडीच्या चालीची त्यांच्याइतकी जाण क्वचितच कोणाला असेल, असे आम्हाला मनापासून वाटते. डब्याडब्यांत विखुरलेल्या पासधारकांच्या ओळखी टिकल्या, त्याही या ये-जा करण्यामुळेच.

जून २०२२ मध्ये या गाडीला एलएचबी, म्हणजे जर्मन रचनेचे नव्या घडणीचे, डबे मिळाले. त्यांच्या मधल्या कपलिंगला बाजूच्या बफरची गरज नसते. जोडमार्ग अधिक बंदिस्त असून पायाखालची हालचालही कमी जाणवते. वयस्कर प्रवाशांसाठी हा बदल निःसंशय चांगला आहे. मुंबईतही डिसेंबर २०१७ पासून धावू लागलेल्या वातानुकूलित लोकलमध्ये आता, फलाटावर न उतरता, शेजारच्या डब्यात चालत जाता येते.