रणांगणावरचं चित्र किती टप्पे टिकतं?

मंडळी, मेश नेटवर्क, म्हणजे एकमेकांचे निरोप पुढे पोचवणाऱ्या रेडिओंचं जाळं, विकणारा माणूस भेटला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘रेडिओ वाढवत जा, नेटवर्क आपोआप मजबूत होत जातं.’ पल्ल्यापुरतं ते खरंही आहे. थेट व्हिडिओच्या बाबतीत मात्र ते बहुधा अंगाशी येतं. का येतं, एवढंच आज बोलायचं आहे.

उदाहरण कॅलिफोर्नियातलं घेऊ. मोहावी वाळवंटात फोर्ट अर्विन इथे अमेरिकी लष्कराचं नॅशनल ट्रेनिंग सेंटर आहे. सुमारे ३ हजार चौरस किलोमीटर उघडंबोडकं रान, मधूनमधून टीफोर्टसारखे डोंगर. बाहेरून एक अख्खी ब्रिगेड सरावाला येते आणि तिथेच कायम मुक्कामाला असलेली ११वी आर्मर्ड कॅव्हलरी रेजिमेंट ‘शत्रू’ बनून तिला घाम फोडते. गोळ्यांच्या जागी लेसर. नेम लागला की अंगावरचा सेन्सर तसं सांगतो. सोबत निरीक्षक फिरत असतात आणि चकमक संपली की सगळ्यांना बसवून कुठे काय चुकलं याची चिरफाड होते. माझ्या मते सरावातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच. साहजिकच खिंडीत आत्ता काय चाललंय ते आत्ताच दिसावं, असं निरीक्षकालाही वाटतं आणि कमांडरलाही. तिथे मोबाइलचा टॉवर गृहीत धरून चालत नाही आणि केबल टाकत बसायला सवड नसते. म्हणून छातीवर अडकवायचा किंवा गाडीच्या टपावर बसवायचा रेडिओ. तो स्वतःचा निरोप पाठवतो आणि शेजाऱ्याचाही पुढे पोचवतो.

ही कल्पना पन्नास वर्षं जुनी आहे. अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेने १९७०च्या दशकात पॅकेट रेडिओचा, म्हणजे निरोपाचे तुकडे करून रेडिओवरून पाठवण्याचा, प्रकल्प चालवला. २७ ऑगस्ट १९७६ रोजी एसआरआय या संस्थेची व्हॅन पोर्टोला व्हॅलीतल्या रोसॉटीच्या बिअर गार्डनपाशी उभी राहिली. बाहेरच्या टेबलावर टर्मिनल मांडलं आणि प्रकल्पाचा साप्ताहिक अहवाल रेडिओवरून थेट अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, पाठवला. सरकारी अहवाल बिअरच्या टेबलावरून! आपल्याकडे आधी चौकशी समिती बसली असती. त्या रेडिओंचा वेग होता सेकंदाला १०० किंवा ४०० किलोबिट. अहवालासाठी भरपूर. पण आजच्या ७२० ओळींच्या साध्या व्हिडिओलाच २ ते ३ मेगाबिट लागतात.

‘आता रेडिओ वेगवान झालेत की,’ असं तुम्ही म्हणाल. झालेत. पण हिशेब बघा. विहिरीपासून घरापर्यंत घागरी हातोहात देणारी रांग डोळ्यांपुढे आणा. मधला माणूस घागर घेत असतो तेव्हा त्याला पुढे देता येत नाही. एकाच चॅनलवरच्या रेडिओचंही तसंच, किंबहुना जास्त वाईट. कारण त्याचा आवाज पलीकडच्या रेडिओलाही ऐकू जातो आणि त्यालाही तेवढा वेळ गप्प राहावं लागतं. एमआयटीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये हे मांडलं होतं: लांबलचक साखळीत आदर्श परिस्थितीत मूळ क्षमतेचा चौथा हिस्सा हाती लागतो, आणि नेहमीच्या वायफायच्या शिस्तीत सातवाच. म्हणजे एका टप्प्याला (एका रेडिओपासून पुढच्या रेडिओपर्यंत) २० मेगाबिट मिळत असतील तर साखळीच्या टोकाला जेमतेम ३. एका कॅमेऱ्याचं पोट भरलं आणि संपलं. त्याच वेळी दुसऱ्या कुणी कॅमेरा सुरू केला की दोन्ही चित्रं फाटतात.

दुसरी अडचण जमिनीची. २.४ गिगाहर्ट्झवर १ किलोमीटर अंतर असेल तर दोन अँटेनांच्या बरोबर मध्यावर लहरींना जायला लागणारा साडेपाच मीटर त्रिज्येचा एक पट्टा असतो, त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. त्यातली निदान ६० टक्के त्रिज्या मोकळी हवी, म्हणजे तीन-साडेतीन मीटर. छातीवरचा रेडिओ जमिनीपासून दीड मीटरसुद्धा वर नसतो. जवान आडवा पडला, की विचारूच नका. शिवाय त्याचं स्वतःचं शरीरही सिग्नल अडवतं; पाठ फिरवली की दुवा पडतो. त्यामुळे एक रेडिओ उंचावर लागतो. फोर्ट अर्विनला डोंगर आहेत. राजस्थानातल्या महाजन रेंजवर सप्टेंबर २०२४ मध्ये भारत-अमेरिका ‘युद्ध अभ्यास’ झाला. तशा वाळूच्या रानात मास्ट, म्हणजे उंच खांब, उभारावा लागेल, नाहीतर दोरीने बांधलेला ड्रोन चढवावा लागेल. उंचावरच्या अशा एका रेडिओने जे साधतं ते जमिनीवरचे पाच रेडिओ वाढवून साधत नाही, कारण तो टप्पे कमी करतो.

आता रस्ता तुटला तर काय होतं ते जरा जवळून पाहू. रेडिओंनी आपसात रस्ता कसा शोधायचा हे ठरवणारा ओएलएसआर नावाचा एक प्रसिद्ध प्रोटोकॉल (नियमसंच) आहे, २००३ मध्ये प्रायोगिक म्हणून जाहीर झालेला. त्याच्या मूळ मांडणीत प्रत्येक रेडिओ दर २ सेकंदांनी शेजाऱ्याला ‘मी आहे’ म्हणतो आणि ६ सेकंद काही ऐकू आलं नाही तर शेजारी गेला असं धरलं जातं. मजकुराला ६ सेकंद म्हणजे काहीच नाही. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत मात्र त्या १८० फ्रेम झाल्या. त्यातच व्हिडिओ दाबताना पूर्ण फ्रेम अधूनमधूनच पाठवली जाते, बाकीच्यांत फक्त बदल असतो. नेमकी पूर्ण फ्रेम हरवली तर पुढची येईपर्यंत पडद्यावर नुसता राडा: रणगाड्याचं धूड डावीकडे, धूळ उजवीकडे आणि मधे राखाडी चौकोन. म्हणून युद्धसरावासाठीच्या रेडिओंत दुवा किती बरा आहे हे सतत, पॅकेटागणिक जोखतात आणि पूर्ण फ्रेम सेकंदाला एक तरी ठेवतात. सेकंदाला लागणारे बिट थोडे वाढतात, पण चित्र लवकर सावरतं.

एवढं सगळं जमलं तरी सगळ्यात महागडी गोष्ट राहतेच. मे २०२० मध्ये फोर्ट अर्विनच्या त्या ‘शत्रू’ रेजिमेंटच्या कर्नलने एक चित्र जाहीर केलं होतं: सरावातली एक बटालियन रेडिओ लहरींमध्ये सुमारे १२ किलोमीटरवरून कशी दिसते त्याचं. कॅमोफ्लाजची जाळी घालून लपलेली पलटण त्यात लख्ख उजळलेली होती. बोलून झाल्यावर साधा वायरलेस गप्प तरी बसतो. थेट व्हिडिओ मात्र अखंड बडबडतो आणि मेशमध्ये मधले सगळे रेडिओही त्याच्यासोबत बडबडतात. ज्या पलटणीला सरावात अहोरात्र थेट चित्र पाठवायची सवय लागली ती खऱ्या लढाईत पहिल्याच दिवशी सापडेल, असं मला वाटतं. युक्रेननंतर हे कुणाला पटवून द्यावं लागू नये.

मग करायचं काय? पूर्ण प्रतीचं चित्रीकरण कॅमेऱ्यातल्या कार्डावरच होऊ द्यायचं, जीपीएसच्या घड्याळाचा शिक्का मारून. चिरफाडीच्या वेळी ते लेसरच्या नोंदींशी सेकंदासेकंदाला जुळतं. वर फक्त एक छोटं, ३०० ते ५०० किलोबिटचं चित्र जाऊ द्यायचं, तेही कुणी मागितलं तरच. कुणाच्या निर्णयासाठी हवंय ते आधी विचारायचं. मुख्यालयात भिंतभर पडदे लावून बारा चौकटी बघत बसण्याची हौस असते; त्यातल्या अकरांकडे कुणाचंच लक्ष नसतं.

चिठ्ठीवर एक प्रश्न आलाय: उपग्रहाची डिश असताना हा खटाटोप कशाला? डिश वापरतातच, पण ती गाडीजवळ किंवा कमांड पोस्टपाशी. तिला मोकळं आकाश आणि बरीच वीज लागते. पाठीवर घेऊन खिंडीत रांगता येत नाही. जवानापासून गाडीपर्यंतचा किलोमीटर-दोन किलोमीटरचा तुकडा उरतो तो मेशचा. तो दोन टप्प्यांत बसला तर व्हिडिओ जातो. तिसरा टप्पा लागू लागला, की गाडीच पुढे काढतात.