तिसरं पान

नमस्कार श्रोतेहो.

पितृपंधरवड्यात आमच्या घरी म्हाळ असतो, तेव्हा पणजोबांच्या पिढीसाठी तीन पानं वाढतात. एक पणजोबांचं, दुसरं त्यांच्या भावाचं. तिसरं कुणाचं, हे मला साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. लहानपणी मी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "सासूबाई वाढत होत्या, म्हणून मी वाढते." आजीला विचारायचं राहून गेलं.

आमचं गाव खानापूर तालुक्यातलं, विट्यापासून फार लांब नाही. गावाचं आणि माणसांचं नाव मी आज सांगत नाही, भावकी मोठी आहे आणि प्रत्येकाची परवानगी मी घेतलेली नाही. पण त्या तिसऱ्या पानाचा माग काढता काढता जे हाताला लागलं, ते तुम्हाला सांगायचं आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असं एखादं पान, देव्हाऱ्यात असा एखादा टाक, जत्रेत असा एखादा नैवेद्य असेल, जो कुणाच्या नावाचा आहे हे आता कुणी सांगू शकत नाही.

सुरुवात मी कागदापासून केली, आणि पहिल्याच पायरीला अडलो. आपलं गाव आज सांगली जिल्ह्यात आहे म्हणून जुने कागद सांगलीतच असणार, असं मी धरून चाललो होतो. तसं नसतं. खानापूर, तासगाव, वाळवा हा भाग सातारा जिल्ह्यातला. १८४८ साली साताऱ्याचं राज्य खालसा झालं, तेव्हापासून तो इंग्रजी अंमलाखाली होता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. पण आटपाडी आणि कुंडल औंध संस्थानात होतं, जत हे स्वतंत्र संस्थान होतं, सांगली-मिरजेकडे पटवर्धनांचा अंमल होता. म्हणून आधी विचारायचं ते एवढंच, की आपलं गाव शंभर वर्षांपूर्वी कुणाच्या राज्यात होतं? त्यावरून कुठल्या दारात उभं राहायचं ते ठरतं.

आमच्या घराचा सगळ्यात जुना हाताशी आलेला कागद म्हणजे फेरफार. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला आणि त्यानंतर जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली, हे गावोगाव लिहिलं जाऊ लागलं. आज आपण ज्याला गाव नमुना ६ म्हणतो, तो हाच. १९१९ सालची आमची नोंद अशी आहे, की खापरपणजोबा मयत, वारस मुलगे दोन. मयत कशाने झाले ते फेरफारात नसतं. त्यासाठी कोतवाल बुक पाहावं लागलं.

कोतवाल बुक म्हणजे गावचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, गाव नमुना १४. गेल्या काही वर्षांत हे नाव घराघरांत पोचलं. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूममधली बासनं सुटली. मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी येऊ लागली. दाखल्याची गरज खरी आहे, ती कुणी कमी लेखू नये. पण मला वाईट वाटतं ते याचं, की त्या एका ओळीतला जातीचा रकाना वाचून झाला की पान उलटलं जातं. त्याच ओळीत पुढे मरणाचं कारण असतं. ताप. पटकी. देवी. जन्माच्या नोंदीत बहुतेक वेळा बाळाचं नावच नसतं, बारसं अजून व्हायचं असतं ना. 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि पुढे बापाचं नाव. अशा नावाविना आलेल्या आणि महिन्याभरात मयताच्या पानावर गेलेल्या पाच ओळी मला आमच्या घरात सापडल्या. त्या बाळांच्या आईनं किती बाळंतपणं सोसली, याचा मला तोवर अंदाजही नव्हता.

खापरपणजोबा गेले ते १९१८ च्या पावसाळ्यानंतर, मानमोडीच्या साथीत. आपल्याकडे इन्फ्लुएंझाला मानमोडी म्हणत. आमच्या गावच्या बुकात त्या दिवसांची पानंच्या पानं भरली आहेत, आणि अक्षर शेवटी शेवटी घाईचं होत गेलंय.

हे वाचायचं तर मोडी यायला हवी. मी ती निवृत्तीनंतर शिकलो. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची, अशी ही लिपी. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांमध्ये जागा नाही. पण तीन-चार महिने रोज अर्धा तास दिला तर नोंदी वाचण्यापुरती येते. दोन शब्द ओळखू यायला लागले की रान मोकळं होतं. एक 'बिन', म्हणजे अमक्याचा मुलगा. दुसरा 'कोम', म्हणजे अमक्याची बायको. मग साल. जुन्या कागदात साल अरबी शब्दांत असतं. 'अर्बा अशरीन मयातैन व अलफ', उलट्या क्रमानं हजार, दोनशे, वीस, चार. म्हणजे सुहूर सन, त्या कागदांतली कालगणना, १२२४. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो, १८२३-२४. पहिल्यांदा हे गणित जुळलं तेव्हा तो कागद माझ्याशी बोलला असं वाटलं.

तर कागदाचा हिशेब दोन भावांचा. आणि पानं तीन.

माझी आत्या विट्यात दिलेली आहे, सत्त्याऐंशी वर्षांची. तिच्याकडे गेलो आणि तिथे मी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. मी वही-पेन काढून विचारलं, "आत्या, तुझे आजोबा कुठल्या साली जन्मले?" ती गप्पच झाली. जुन्या माणसाला साल विचारलं की त्याला परीक्षेला बसल्यासारखं होतं. नंतर मला उमजलं. साल विचारायचं नाही, खूण विचारायची. प्लेगात गाव माळावर झोपड्यांत राहिलं, त्याच्या आधी की नंतर? मानमोडीच्या वेळी ते केवढे होते? गांधी वध झाला आणि जळीत झालं, तेव्हा घरात कोण होतं? कोयनेच्या भूकंपाला, म्हणजे सदुसष्ट साली? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कोण गेलं? अशी खूण मिळाली की माणूस त्या खुणेपाशी जाऊन उभं राहतं आणि आजूबाजूचं सगळं सांगू लागतं. कोण कुठल्या कोपऱ्यात बसलं होतं, तेसुद्धा.

जळिताचं नाव निघालं म्हणून सांगतो. १९४८ साली सातारा-सांगली-कोल्हापूरकडे ब्राह्मणांची घरं जाळली गेली. अनेक गावांत कुलकर्ण्यांच्या घरात वतनी दफ्तर असे. घर जळलं, तिथं दफ्तरही जळलं. त्यात आमच्यासारख्यांच्या घरांच्या पिढ्यानपिढ्यांच्या नोंदी होत्या. ज्यांची घरं गेली त्यांचं दुःख फार मोठं आहे, त्याशी कागदाची तुलना करायची नाही. पण आपल्या गावाची आठवण आपल्याच हातानं पेटली, हे मला आतून टोचतं. पुढे महापुरांनी उरलेलं भिजवलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णाकाठच्या एका ओळखीच्या घरी मी गच्चीवर वाळत घातलेली खरेदीखतं पाहिली. शाई पसरून निळी झाली होती.

आत्याला मी तिसऱ्या पानाचं विचारलं. ती म्हणाली, "आरं, ते बसऱ्याचं पान."

बसऱ्याचं म्हणजे?

"आमची आजी तसंच म्हणायची. तिला तिच्या सासूनं सांगितलेलं, बसऱ्याचं पान चुकवू नगंस. मला वाटायचं बसरा म्हंजे कुठला तरी देव."

श्रोतेहो, मी त्या दिवशी विट्याच्या स्टँडवर येऊन दोन गाड्या सोडल्या, पण जागचा उठलो नाही.

पक्का पुरावा मिळाला तो हेळव्याकडून. सांगली-कोल्हापूरकडच्या श्रोत्यांना हेळवी सांगायला नकोत. सुगी झाली की कर्नाटकातून ते गावात येतात. पूर्वी बैलावर बसून येत, गळ्यातल्या घंटेच्या आवाजानं कळायचं. कन्नडमध्ये हेळव म्हणजे पायानं अधू. आता मोटारसायकलवर येतात. एकेका हेळव्याकडे ठरलेल्या कुळांची वही असते, त्यात मूळ गाव, कुळदैवत, देवक आणि पिढ्या लिहिलेल्या. दारात बसून ते वंशावळ म्हणतात, नव्या जन्मलेल्याचं नाव लिहून घेतात, आणि धान्य, कापड, भांडं, ऐपतीप्रमाणे पैसे घेऊन पुढच्या दारी जातात. आम्ही शिकली-सवरलेली पोरं त्यांना दोन पायली जोंधळे देऊन वाटेला लावत होतो. त्या वर्षी मी हेळव्याला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि म्हटलं, घाई नको, पहिल्यापासून म्हणा. त्यानं म्हटलं. पणजोबांच्या पिढीला आला तेव्हा तीन नावं घेतली. तिसऱ्या नावापुढे त्याच्या आज्यानं एकच शब्द लिहून ठेवला होता, 'पलटणीत'.

फेरफारात तो का नाही, हे आता उघड झालं. फेरफार जमिनीचा असतो. बाप वारला तेव्हा जे जिवंत होते, त्यांची नावं चढली. हा आधीच गेलेला, लग्न झालेलं नाही, पाठीमागे कुणी नाही. कागदाला त्याची गरज नव्हती.

सातारा जिल्ह्यातून पहिल्या महायुद्धाला किती माणूस गेलं, ते अपशिंगे गावानं लक्षात ठेवलंय. त्या एका गावचे ४६ जण परत आले नाहीत, म्हणून ते अपशिंगे मिलिटरी. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, बसऱ्याला उतरल्या. तिथल्याच कूत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३वी आणि ११०वी मराठा पलटण होती. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, पाच महिने. अन्न संपलं, घोडे-खेचरं मारून खाल्ली, आणि अनेक हिंदी शिपायांनी ते मांसही घेतलं नाही. शेवटी शरणागती, आणि नंतर कैद.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची मृतांची यादी आज मोबाईलवर फुकट पाहता येते. तिच्यात आपल्याकडच्या शिपायाच्या नावापुढे पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका आणि 'सातारा' असं असतं. अडचण एकच, ती सगळी नावं साहेबाच्या कानानं ऐकून इंग्रजीत लिहिलेली. मी डोळ्यांनी वाचत होतो, म्हणून मला आमचं गाव दिसेना. मग यादी घेऊन आत्याकडे गेलो आणि एकेक नाव मोठ्यानं, इंग्रजीत जसं लिहिलंय तसंच, वाचत गेलो. विसाव्या-पंचविसाव्या नावाला तिनं हात वर केला. "थांब. परत म्हण." मी परत म्हटलं. ती म्हणाली, "हे आपलंच गाव. बामणानं असं म्हटलं असतं का? पण गोऱ्यानं म्हटलं असतं." बापाचं नाव जुळलं. शिपायाचं नाव हेळव्याच्या वहीतलंच. साल १९१६.

बसऱ्याच्या स्मारकावर त्याचं नाव आहे का, ते मी शोधलं. नाही. त्या भिंतींवर अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा लिहिला. नावं नोंदवहीत गेली. २०२१ साली आयोगानं स्वतःच्या अहवालात हा दुजाभाव झाल्याचं मान्य केलं. तो आकडा एकानं मोठा आहे तो आमच्या घरामुळे, असं मनात येतं. आणि इकडे खानापूर तालुक्यात, नाव विसरून गेलेल्या चार पिढ्यांच्या सुना दर भाद्रपदात त्या आकड्यातल्या एकाला भात, वरण, वडे आणि गवारीची भाजी वाढत राहिल्या.

हे सगळं घेऊन मी आत्याला वंशावळ वाचून दाखवली. हेळव्याची वही, फेरफार, कोतवाल बुक, शाळेचं जनरल रजिस्टर, सगळं जुळवून आठ पिढ्या झाल्या होत्या. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ह्यात मी हाय का?"

ती नव्हती. हेळव्याच्या वहीत लेकी लिहीत नाहीत. सुनांना कागदात 'कोम' लावून नवऱ्याच्या मागे उभं केलेलं, माहेरचं नाव-गाव कुठेच नाही. तिसऱ्या पानाची गोष्ट जिच्या तोंडून मिळाली, तिलाच माझ्या वंशावळीत जागा नव्हती.

मी नवी वही केली आहे. दोनशे पानी, साधी. तिच्यात प्रत्येक लेकीचं नाव, कुठल्या गावी दिली, आणि प्रत्येक सुनेचं माहेर. आत्या सांगते, मी लिहितो. जात्यावर बसून ओव्या म्हणायच्या तेव्हा बायका आपल्या भावांची, माहेरच्या गावांची नावं गुंफायच्या, त्यातून तिला पुष्कळ आठवतं. आतापर्यंत एकोणीस लेकी झाल्या. एक पलूसला दिली होती, एक आटपाडीला, एक पार कऱ्हाडच्या पलीकडे. तिसऱ्या पानाच्या शिपायाला एक बहीणही होती, हे परवाच निघालं. तिचं नाव आत्याच्या ओठांवर आहे, येत नाही. "ओवीत होतं," म्हणते, "ओवी आठवली की येईल."

उद्या सकाळच्या गाडीनं मी विट्याला जातोय.

नमस्कार.