वाकडं तोंड आणि दोन जागा

नमस्कार श्रोतेहो. आज निवडणुकीतल्या चिखलफेकीविषयी. प्रतिस्पर्ध्यावर टीका जरूर करा, पण कामावर. त्याच्या देहावर नव्हे, कामावर.

कॅनडाची गोष्ट सांगायलाच हवी. ऑक्टोबर १९९३. सत्तेत किम कॅम्पबेल यांचा प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष, समोर लिबरलांचे ज्याँ क्रेतिएँ. लहानपणापासून त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी. बोलताना तोंड वाकडं व्हायचं. मतदानाला दहा-अकरा दिवस उरले असताना सत्ताधाऱ्यांनी टीव्हीवर जाहिरात सोडली. नेमके तोंड वाकडं दिसणारे फोटो, अगदी जवळून, आणि मागून आवाज: हा पंतप्रधान? मला तर लाज वाटेल! लोक खवळले, पक्षाचेच उमेदवार चिडले, दुसऱ्याच दिवशी जाहिरात मागे घ्यावी लागली. पण क्रेतिएँ बोलायचं ते बोललेच, आणि आवाज न चढवता: हे व्यंग देवाने दिलं, पोरं हसायची, मी ते स्वीकारलं, त्याने दुसरे गुणही दिलेत. झालं! २५ ऑक्टोबरला २९५ पैकी लिबरल १७७. आणि सत्ताधारी? दोन. होय, फक्त २. कॅम्पबेल स्वतःसुद्धा पडल्या. पक्षाची गाडी आधीच उताराला लागलेली होती, सगळा दोष जाहिरातीला देता येणार नाही. पण वरून धक्का त्यांनीच दिला.

बिथरलेली मतं समोरच्याकडेच जातात असंही नाही. कुणी घरी बसतो, कुणी तिसऱ्याला देतो. आपल्याकडे गोव्यात तर लढती चौरंगी-पंचरंगी. २०२२ च्या विधानसभेला सांत आंद्रे मतदारसंघाचा निकाल ७६ मतांनी लागला. एक वाडा रुसला तरी पुरे.

आता कागदाचं. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक, दोघांचीही नावं-पत्ते हवेत. लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम १२७अ. प्रकाशकाने सही केलेलं, दोन ओळखीच्या माणसांनी साक्षांकित केलेलं निवेदन दोन प्रतींत छापखान्यात द्यायचं. चुकलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माडाला खिळे ठोकून बॅनर टांगणाऱ्यांना तर याहून जबर दंड हवा, पण ते असो.

कलम १२३(४) त्याहून कडक. उमेदवाराच्या खाजगी चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटं छापलं, आणि त्याला जिंकलेल्याची संमती होती असं सिद्ध झालं, तर निवडणूकच रद्द होऊ शकते. अर्ज उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्याला पर्वरीला. मुदत ४५ दिवस. हरलेल्याने तुमच्या पत्रकाची एक प्रत जपून ठेवलेली असतेच.