फ्लास्कमध्ये भलताच रंग आला? लगेच ओतून टाकू नका

नमस्कार! पदवीला असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत संशोधनाच्या लॅबमध्ये काम करावं का? केमिस्ट्री आणि मटेरियल सायन्सची बरीच मुलं मला हे विचारतात. संधी मिळाली तर नक्की जा. पण तिथे नेमकं शिकायचं काय, ते आज सांगते.

कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये उत्तर आधीच ठरलेलं असतं. टायट्रेशनचं रीडिंग जुळलं नाही की चूक तुमचीच. संशोधनात मात्र उत्तर गाईडलाही माहीत नसतं. हे अंगवळणी पडेपर्यंत दोन आठवडे जातात, आणि हातात असतात साधारण आठ ते दहा.

माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मला सोन्याचे नॅनोकण बनवायला दिले होते. टर्केविच या रसायनशास्त्रज्ञाची १९५१ सालची पद्धत. क्लोरोऑरिक आम्लाचं फिकट पिवळं द्रावण उकळत ठेवायचं आणि जोरात ढवळत असतानाच त्यात सोडियम सायट्रेट घालायचं. पिवळा रंग उडतो, द्रावण करडं-निळसर होतं, आणि बघता बघता माणकासारखा लाल रंग चढतो. फार सुंदर दिसतं ते.

माझं जांभळट झालं. मी ते वेस्टच्या बाटलीत ओतलं आणि पुन्हा केलं. पुन्हा जांभळट. तेही ओतलं. तिसऱ्या वेळी पीएचडी करणाऱ्या ताईने माझा हात धरला. म्हणाली, "थांब, आधी स्पेक्ट्रम घे." म्हणजे द्रावण कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं, त्याचा आलेख.

चांगल्या लाल द्रावणाचा पीक (आलेखातलं टोक) ५२० नॅनोमीटरच्या आसपास येतो. माझा पुढे सरकला होता आणि पसरट झाला होता. म्हणजे कण तयार झाले होते, पण एकमेकांना चिकटले होते. सायट्रेट सोनं क्षपित करतं आणि कणांवर ऋणभार चढवून त्यांना दूरही ठेवतं. काचेवर आधीचं काही राहिलं असेल तर हे बिघडतं. मी फ्लास्क नुसता साबणाने धुतला होता. अ‍ॅक्वा रेजियाने, म्हणजे सोनंही विरघळवणाऱ्या हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणाने, धुतल्यावर पुढच्याच खेपेला लाल आला. (अ‍ॅक्वा रेजिया एकट्याने हाताळायचं नाही. फ्यूम हूडमध्येच, जाणकार सोबत असताना, आणि बाटलीचं झाकण घट्ट लावायचं नाही.)

मला जास्त लागलं ते वेगळंच. पहिल्या दोन वेळी कुठला फ्लास्क घेतला होता, ते मी वहीत लिहिलंच नव्हतं. त्यामुळे तेव्हाही हेच कारण होतं का, ते कधीच कळणार नाही.

आता १८५६ सालात चला. विल्यम पर्किन, वय १८, ईस्टरच्या सुट्टीत घरच्या प्रयोगशाळेत क्विनाइन हे मलेरियावरचं औषध बनवायचा प्रयत्न करत होता. अ‍ॅनिलिनवर पोटॅशियम डायक्रोमेटची क्रिया केली आणि हाती आला काळा गाळ. तो अल्कोहोलमध्ये विरघळवताना जांभळा रंग दिसला, आणि पर्किन तिथेच थांबला. तोच मॉव्ह, कारखान्यात बनलेल्या कृत्रिम रंगांची सुरुवात. त्याच्या अ‍ॅनिलिनमध्ये टोल्युइडीनची भेसळ होती, आणि मॉव्हचा रेणू बनायला टोल्युइडीन लागतंच! एकाच्या हातात अशुद्धी प्रयोग बिघडवते, दुसऱ्याच्या हातात नवा पदार्थ देते. कुठलं काय, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

मटेरियलवाल्यांचंही तेच. फर्नेसमधून पावडर काढली, एक्सआरडी केलं (क्ष-किरणांनी त्यातले स्फटिक ओळखायची चाचणी), आणि एक पीक जास्तीचा दिसला. तो नजरेआड करू नका. ऑक्साइड पूर्ण अभिक्रिया न होता उरलंय का, तापमान कमी पडलं का, खलातून काही मिसळलं का, हे शोधण्यात एक आख्खा आठवडा गेला तरी चालेल.

अर्जाबद्दल थोडक्यात. 'मला संशोधनाची आवड आहे' असं सगळेच लिहितात. त्याऐवजी त्या ग्रुपचा एक पेपर वाचा, त्यातली एक आकृती निवडा, आणि तिच्यात काय कळलं, काय नाही, ते दोन ओळींत लिहा.

आणि निवड झाली तर पहिल्याच दिवशी आय वॉश कुठे आहे आणि वेस्टची कुठली बाटली कशासाठी, ते विचारून घ्या. दाराच्या मुठीला हात लावायच्या आधी ग्लोव्हज काढा.