कांद्याचा हिशेब कोण मांडणार?

श्रोतेहो, नमस्कार. सातारा जिल्ह्यातल्या लोणंदच्या बाजारात कांदा घालणाऱ्याला ७ डिसेंबर २०२३ ही तारीख समजावून सांगावी लागत नाही. त्या दिवशी विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघाली आणि कांद्याची निर्यात बंद झाली. ती उठली ४ मे २०२४ ला, तीही टनाला ५५० डॉलर किमान दर आणि ४० टक्के शुल्क लावून.

आता डिसेंबरात शेतात असतो हळवा कांदा. गरवा, म्हणजे टिकाऊ कांदा, असता तर कांदाचाळीत टाकून वाट बघता आली असती. हळव्याला दम नाही. ठेवला की कोंब फुटतात, मग सडतो. भाव पडला तरी पिशव्या भरून बाजारात न्यायच्याच. ज्याला थांबता येत नाही, नेमका तोच बंदीत सापडला. गिऱ्हाइकाचे किती वाचले आणि त्याचे किती बुडाले, हे त्या अधिसूचनेत शोधून सापडत नाही.

हा हिशेब चारचौघांत मांडणारी स्वतंत्र सार्वजनिक संस्था हवी, एवढंच माझं म्हणणं. निर्णय सरकारनेच घ्यावा. महागाईचा जाब लोक त्यालाच विचारतात. ऑस्ट्रेलियात १९९८ पासून प्रॉडक्टिव्हिटी कमिशन नावाचा असा स्वतंत्र आयोग आहे. चौकशीचा विषय सरकार देतं. आयोग कुणाचंही लेखी म्हणणं घेतो, ते सगळ्यांना वाचायला ठेवतो, आधी मसुदा काढतो, त्यावरचे आक्षेप ऐकतो. अंतिम अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो, पण संसदेत ठेवावा लागतो. दडपता येत नाही!

आपल्याकडेही १९५१ च्या कायद्याने टॅरिफ कमिशन, म्हणजे आयात शुल्काची चौकशी करणारा आयोग, आलं होतं; १९७६ मध्ये ते गुंडाळलं. हमीभाव सुचवणारा कृषिमूल्य आयोग आहे, पण कांद्याला हमीभावच नाही.

कुणी म्हणेल, अहो, आयोग बसेपर्यंत भाव चढून उतरेलही. खरं आहे. तातडीची बंदी घालायची तर घाला, पण महिन्याभरात तिचा हिशेब जाहीर व्हावा, आणि तो पटण्यासारखा नसेल तर बंदी पुढे का चालू ठेवली, हे सरकारने लेखी सांगावं. बेदाण्याचंही तेच: आयात शुल्क वाढवा म्हणणारा तासगावचा बागायतदार आणि नको म्हणणारा मिठाईवाला, दोघांचे आकडे एकाच टेबलावर यावेत.

आणि सुनावणी फक्त दिल्लीत नको. एक लोणंदला बाजार समितीच्या आवारात घ्या, आणि पुण्या-मुंबईच्या गृहिणींनाही तिथे बोलवा. महागाईची त्यांची तक्रारही खोटी नसते.