अर्ध्या बळाने: तापलेल्या खोलीतल्या योगासनांविषयी

नमस्कार मंडळी.

मी नागपूरचीच. महाल भागातल्या ज्या घरात मी वाढले तिथे एप्रिल उजाडला की खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागायचे, आणि बाहेर निघणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात आजी कांदा घालायची. म्हणून शिकागोला चाळीस अंशांपर्यंत तापवलेल्या खोलीत मी पैसे भरून आसनं करते, हे आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा फोनवर ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग एवढंच म्हणाली, "अगं, उन्हापासून जपायला शिकवलं ना तुला?" या गोष्टीला दहा वर्षं झाली. तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. आज इथे जे बोलणार आहे ते पुष्कळसं आईसाठीच आहे.

आधी ही खोली कशी असते ते सांगते. मूळ पद्धतीत तापमान ४०.६ अंश सेल्सियस, हवेतला दमटपणा ४० टक्के, आणि वर्ग ९० मिनिटांचा. सुरुवातीला उभ्याने दीर्घश्वसन, शेवटी बसून कपालभातीसारखी क्रिया, आणि ही दोन श्वसनं धरून एकूण २६ आसनं, नेहमी त्याच क्रमाने. हा क्रम बांधला बिक्रम चौधरी यांनी. ते कोलकात्याच्या बिष्णुचरण घोष यांचे शिष्य. बिष्णुचरण म्हणजे परमहंस योगानंदांचे धाकटे बंधू. १९२३ साली त्यांनी कोलकात्यात व्यायामाचं महाविद्यालय काढलं. तिथे माणूस पाहून, त्याचं दुखणं पाहून आसनं नेमून द्यायची रीत होती. तापवलेली खोली आणि सगळ्यांना एकच क्रम हे सत्तरच्या दशकात अमेरिकेत रुजलं. चौधरींवर पुढे लैंगिक छळाचे गंभीर आरोप झाले आणि २०१६ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या ज्यूरीने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. त्याआधी, २०१५ मध्ये, अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने आसनांच्या क्रमावर कुणाची मालकी असू शकत नाही असं म्हटलं होतं. म्हणून आज बहुतेक ठिकाणी त्यांचं नाव काढून नुसतं 'हॉट योगा' म्हणतात. मला हे योग्य वाटतं. ज्या स्त्रियांना त्रास झाला त्यांची आठवण ठेवूनच ही आसनं केली पाहिजेत.

आता उष्णतेकडे येऊ. इथे नागपूरकरांना जे कळेल ते शिकागोच्या माणसाला समजावताना मला फार कष्ट पडतात. आपला कूलर मे महिन्यात घर गार करतो, पण तोच कूलर मुंबईला नेला तर नुसता दमट वारा फेकतो. कारण कूलर पाण्याने गार करत नाही, पाण्याची वाफ होण्याने गार करतो. हवा कोरडी असेल तर वाफ भराभर होते. हवा आधीच पाण्याने भरलेली असेल तर होत नाही. आपलं अंग हा असाच कूलर आहे. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असतं. बाहेरची हवा त्याहून तापली की अंगातली उष्णता हवेत जाण्याऐवजी हवेतली उष्णता अंगात येऊ लागते, आणि मग घाम वाळणं ही एकच वाट उरते. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो वाळला तरच. जो घाम टपटप चटईवर पडतो त्याने अंग गार होत नाही; तेवढं पाणी आणि मीठ मात्र जातं.

तापलेल्या खोलीत तीस माणसं घाम गाळू लागली की दमटपणा वाढत जातो. म्हणजे सुरुवात नागपुरात होते आणि तासाभरात आपण मुंबईला पोचलेले असतो. शेजारच्या चटईवरचा माणूस निथळताना पाहून नव्या लोकांना वाटतं, याचा व्यायाम किती छान चाललाय! निथळणं हे व्यायामाचं माप नाही. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या मोजणीत ९० मिनिटांच्या अशा वर्गात पुरुषांच्या सरासरी ४६० आणि स्त्रियांच्या ३३० कॅलरी खर्च झाल्या. भराभर चालण्याने जेवढ्या जातात साधारण तेवढ्याच. एका वर्गात हजार कॅलरी जळतात असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. वर्गानंतर काटा एक किलो खाली दिसतो, ते पाणी असतं.

पहिल्या वर्गात मला उभ्या आसनांच्या मध्येच डोळ्यांपुढे अंधारी आली. उष्णतेने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त त्वचेकडे आणि पायांकडे साठतं, मेंदूकडे जाणारं कमी पडतं. पुढे वाकायच्या पादहस्तासनातून झटकन वर आलं की हमखास गरगरतं. पाठ मागे वाकवायच्या उष्ट्रासनात मळमळतं. हे सगळं पहिल्या काही दिवसांत होतं आणि मग कमी होतं, कारण शरीर उन्हाळा शिकतं. साधारण दहा ते चौदा दिवसांच्या सवयीने रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, तेवढ्याच कामाला नाडी पहिल्याइतकी धावत नाही. लहानपणी मार्च-एप्रिलमध्ये आपण हे नकळत करायचो. पण ही सवय टिकाऊ नसते. काही आठवडे खंड पडला की जाते. सहा आठवड्यांनी परत येणाऱ्याने स्वतःला नवखाच समजावं. हे न समजल्यामुळे जुनी माणसं जास्त वेळा पडलेली मी पाहिली आहेत.

आता माझी चूक सांगते. तीन महिने झाले होते, आठवड्यातून सहा दिवस जात होते. उष्णतेत स्नायू सैल वाटतात, हात कधी नव्हे तो पावलापर्यंत पोचतो, आणि आपण लवचीक झालो असं वाटतं. एका पायावर उभं राहून दुसरा पाय समोर सरळ धरायचा, मग कपाळ गुडघ्याला लावायचं, असं एक आसन या क्रमात आहे. मी शिकवणाऱ्याच्या आवाजाबरोबर ओढत राहिले. बसताना जे हाड टेकतं तिथे, मांडीच्या मागच्या स्नायूचं मूळ असतं, तिथे काहीतरी करकचलं. त्या वेळी फारसं दुखलं नाही, आणि हेच वाईट झालं. उष्णता दुखण्याची सूचना बोथट करते. पुढे सात महिने मला गाडीत अर्धा तास बसवत नव्हतं. तिथेच 'गुडघा लॉक करा' अशी सूचना सतत मिळायची. ज्यांचे सांधे मुळात सैल आहेत त्यांनी गुडघा मागे ढकलून लॉक केला की भार स्नायूंवरून अस्थिबंधांवर जातो. मांडीचा पुढचा स्नायू वर खेचायचा, आणि गुडघा केसभर मोकळा ठेवायचा. एवढं तेव्हा कळलं असतं तर किती बरं झालं असतं!

त्या सात महिन्यांत मी वाचत बसले, आणि मला आपल्याच ग्रंथांत मिळालं ते तुमच्यापुढे ठेवायला मी आज आले आहे.

वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात म्हटलं आहे की बलवान आणि स्निग्ध खाणाऱ्या माणसानेही व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, तोही थंडीत आणि वसंतात. इतर ऋतूंत त्याहून मंद. अर्धी शक्ती! मी दोनदा वाचलं. पण अर्धं झालं हे ओळखायचं कसं? त्याची खूण सुश्रुतसंहितेत आहे. व्यायाम करताना हृदयाच्या ठिकाणचा वायू तोंडाशी येऊ लागला की अर्धं बळ झालं असं समजावं. म्हणजे श्वास नाकातून सुटून तोंडाने घ्यावासा वाटला की थांबायची वेळ झाली. घड्याळ नको, मनगटाला बांधायचं यंत्र नको.

मी परत गेले ते हा एक नियम घेऊन. सगळा वर्ग नाकाने श्वास. तोंड उघडलं की आसन सोडायचं, गुडघ्यांवर बसायचं, नजर एका जागी ठेवायची, श्वास पुन्हा नाकात येईपर्यंत. उभं राहायचं ते पुढच्या आसनाला, हळूहळू. पहिल्या दिवशी २६ पैकी मी १४ आसनं केली आणि बाकीचा वेळ बसले. मला लाज वाटली हे खरं, पण दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं नाही. आणि मुख्य म्हणजे पुन्हा जावंसं वाटलं. नेम मोडतो तो आळसाने कमी आणि अति केल्याने जास्त. आदल्या वर्गाने पिळून काढलं असेल तर पुढच्या वर्गाच्या दिवशी पाय दाराबाहेर पडत नाहीत. त्याला आपण कंटाळा म्हणतो, पण ते शरीराचं 'नको' असतं. पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यासाठी दीर्घकाळ, खंड न पडू देता आणि आदराने, असे तीन शब्द वापरले आहेत. त्यातला आदर स्वतःच्या शरीराचाही आहे, असं मी मानते.

सध्या मी मंगळवारी आणि शनिवारी जाते. आणखी दोन दिवस घरी, गरम न केलेल्या खोलीत, तीच आसनं करते. ताणाची खरी मर्यादा थंड अंगालाच कळते, म्हणून ते दोन दिवस मी कधी सोडत नाही. बॉस्टनमधल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने २०२३ मध्ये नैराश्य असलेल्या प्रौढांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना आठ आठवडे, आठवड्यातून किमान दोन असे तापलेल्या खोलीतले वर्ग सांगितले होते. प्रत्यक्षात सरासरी दहाच्या आसपास वर्ग झाले, म्हणजे आठवड्याला एकाहून थोडे जास्त. तरी ज्यांचे वर्ग अजून सुरू व्हायचे होते त्या गटापेक्षा त्यांची लक्षणं बरीच कमी झाली. हा फायदा उष्णतेचा की आसनांचा, हे त्यातून ठरत नाही. पण आठवड्याला एक वर्ग झाला म्हणून स्वतःवर चिडू नये, एवढं मी त्यातून घेतलं.

पाण्याचं थोडं सांगते. वर्गाआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. जितके किलो कमी तितके लिटर घाम. साठ किलोच्या माणसाचं सव्वा किलोहून जास्त गेलं तर आधी पाणी कमी पडलं किंवा जोर जास्त झाला. भरपाई काही तासांत, घोटाघोटाने करा. नुसतं पाणी भसाभस पिणंही घातक आहे, त्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं. लिटरभर घामात साधारण अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम जातं. मीठ घातलेलं लिंबू सरबत, ताक, आणि आपलं कैरीचं पन्हं यासाठी उत्तम. रक्तदाब असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारून. जेवण वर्गाआधी अडीच-तीन तास. चटईवर सुती पंचा घाला, कारण ओल्या चटईवर पाय सरकून मनगटं मोडतात. वर्ग झाल्यावर ओले कपडे ताबडतोब बदला, नाहीतर काखेत आणि जांघेत गजकर्ण ठरलेलं.

आणि हे नीट ऐका. हृदयविकार, गरोदरपण, लघवी वाढवणाऱ्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या, पूर्वी झालेला उष्माघात, यांपैकी काहीही असेल तर तापलेल्या खोलीत जाऊ नका. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तर मुळीच नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस शाखेत वर्गातल्या लोकांच्या अंगातलं तापमान मोजलं, तेव्हा निरोगी, सवयीच्या माणसांतही एकाचं ४० अंशांच्या वर गेलं होतं. उष्माघाताचा उंबरठा तोच. गरम खोलीत असून अंगावर काटा येणं, थंडी वाजणं, डोकं ठणकणं, बोलणं अडखळणं, असं झालं की बाहेर पडा. 'खोली सोडायची नाही' असं कुणी शिकवत असेल तर ती शिकवण मोडा. शेजारचा गोंधळल्यासारखा वागत असेल तर त्याला हाताला धरून बाहेर न्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला, रुग्णवाहिका बोलवा.

मगाशी मागच्या रांगेतून एका ताईंची चिठ्ठी आली: "आमच्याकडे मे महिन्यात फुकट चाळीस अंश असतात, मग गच्चीवर दुपारी केलं तर?" ताई, नका करू. खोलीत ऊन नसतं, तापलेली फरशी नसते, आणि दार उघडलं की गार हवा असते. गच्चीवर दुपारी तापमान चव्वेचाळीस-पंचेचाळीस, वर सूर्य, आणि सुटायला जागा नाही. शिवाय गरज काय? टेक्सस स्टेट विद्यापीठाने २०१८ मध्ये हीच २६ आसनं बारा आठवडे एका गटाकडून तापलेल्या खोलीत आणि दुसऱ्याकडून साध्या खोलीत करून घेतली. रक्तवाहिन्यांच्या आरोग्यातली सुधारणा दोन्हींत सारखीच दिसली. शिकागोत जानेवारीत कधी कधी उणे पंधरा होतं, हाडं गोठतात, आणि मला इथल्या उन्हाची आठवण येते. मी त्या खोलीत जाते ते त्यासाठीही. तुमच्याकडे ऊन आहेच. हठप्रदीपिका या योगाच्या जुन्या ग्रंथात श्रमाने आलेला घाम अंगाला चोळावा असं सांगितलंय, तो प्राणायामाच्या श्रमाचा घाम, हीटरचा नव्हे.

तुम्ही पहाटे साडेपाचला करा, दिवाणखान्यात, पंखा मंद ठेवून. सुरुवात अर्धचंद्रासनाने करा, चार-पाच आसनं पुरेत, तोंड मिटलेलं असू द्या. चिठ्ठीत खाली तुम्ही लिहिलंय की आई पंच्याहत्तर वर्षांची आहे आणि तिलाही यायचंय. तिला खुर्चीवर बसवून नुसतं दीर्घश्वसन आणि हात वर-खाली करायला सांगा, आणि आधी तिचा रक्तदाब बघून घ्या.