आधी फोनची कामं काढा, मग फोन

नमस्कार. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, सतरंजीवर जागा आहे अजून, आणि आजोबा तुम्ही इकडे खुर्चीवर बसा. विषय मंडळाने ठरवून दिलाय, मुलांना शाळेत मोबाईल न्यायला परवानगी असावी का, आणि मला सांगितलं होतं की ताई दोन्ही बाजू मांडा. ते मी करणार नाहीये, आधीच सांगते. एकतीस वर्षं या इंदूरात गणित शिकवलं, त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं मोबाईल पकडण्यात गेली, त्यामुळे माझं मत पक्कं झालेलं आहे. शाळा चालू असताना मुलाच्या खिशात फोन नको. पण तो काढून घ्यायच्या आधी आपण मोठ्यांनी त्या फोनवर जी कामं टाकून ठेवली आहेत ना, ती आपण परत घ्यायची. मला एवढंच म्हणायचं आहे, बाकी सगळं ते का म्हणते आहे ते.

नववीचा वर्ग होता. समीकरणं चालली होती आणि मागच्या बाकावरून अलार्म वाजला, चांगला मोठ्याने. मुलगा शांत स्वभावाचा, अभ्यासात मध्यम, पण त्याच्याबद्दल सगळ्याच शिक्षकांची एक तक्रार होती की हा रोज साधारण त्याच वेळेला बाथरूमला जायचं म्हणून बाहेर पडतो आणि गेटपाशी दिसतो. मी फोन घेतला, बंद करायच्या भानगडीत न पडता तसाच स्टाफरूमच्या लोखंडी कपाटात टाकला आणि कुलूप लावलं. नियम होता की पालक येऊन सही करतील तेव्हाच फोन परत. त्याची आई सांवेर रोडला फॅक्टरीत, सुट्टी घेतली तर पगार कापला जाणार, वडील बाहेरगावी. मी म्हटलं येतील तेव्हा येतील.

दुसऱ्या दिवशी बरोबर 12:40 ला कपाटातून अलार्म. लोखंडाचं कपाट, आत अजून दहा-अकरा फोन, सगळ्यांचा मिळून असा खडखडाट झाला की आम्ही दचकलोच. वाजून वाजून थांबला. तिसऱ्या दिवशी परत. आणि या तीन दिवसात तो मुलगा माझ्या तासाला सारखा विचारायचा, मॅडम टाइम क्या हुआ, पाच मिनिटांनी परत, मॅडम टाइम क्या हुआ, आणि मी त्याला रागावले की तुझं लक्ष घड्याळात आहे का गणितात. शेवटी तिसऱ्या दिवशी कुलूप काढून मी तो फोन हातात घेतला. स्क्रीनला कोपऱ्यापासून तडा, मागे सेलोटेप, जेलरोडवरून घेतलेला सेकंडहँड असणार, आणि स्क्रीनवर लिहिलेलं होतं, छोटी व्हॅन.

त्याची बहीण आमच्याच शाळेत पहिलीत होती. लहान वर्ग 12:40 ला सुटायचे. व्हॅनवाला दोनदा तिला सोडून निघून गेला होता, तेव्हापासून आईने या चौदा वर्षांच्या मुलाला सांगितलं होतं की तू जाऊन बघायचं ती बसली का, आणि बसली की मला मिस्ड कॉल द्यायचा. आई मशीनवर उभी, मिस्ड कॉल आला की तिचा जीव शांत. ते तीन दिवस मिस्ड कॉल गेला नव्हता.

मला सांगा, त्या फोनमधला कोणता भाग व्यसन होता? त्याच्यात गेमही होते, रील्सही असतील, मी नाही म्हणत नाही. पण तो फोन शाळेत आला त्या कामाने, आणि ते काम शाळेचं होतं. पहिलीतली मुलगी व्हॅनमध्ये बसली का हे बघायला गेटवर एक मोठं माणूस उभं करायचं, ते आम्ही केलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी मुलांना विचारायला लागले की फोन कशाला आणतोस, खरं सांग, रागावणार नाही. तेव्हा कळलं की निम्म्याहून जास्त कारणं आमचीच आहेत. होमवर्क ग्रुपवर टाकलेलं असतं, ते उतरवायला फोन. उद्या युनिट टेस्ट आहे की नाही ते रात्री दहाला ग्रुपवर येतं. फीची पावती, प्रोजेक्टचे फोटो, समग्र आयडी म्हणजे मध्यप्रदेश सरकारचा ओळख नंबर, स्कॉलरशिपचा फॉर्म, सगळीकडे ओटीपी, घरात नंबर एकच आणि तो नंबर मुलाच्या खिशात. कोचिंगवाले शाळा सुटल्यावर मेसेज करतात आज क्लास पाचला की सहाला. घरून काही निरोप द्यायचा तर ऑफिसचा फोन कोणी उचलत नाही. पूर्वी या सगळ्याला एक डायरी होती आणि एक लँडलाईन होती, आता दोन्ही नाहीत, म्हणजे डायरी छापतात अजून पण कोरी राहते.

आणि हे एका दिवसात नाही झालं. सीबीएसईने 2009 मध्येच सर्क्युलर काढलं होतं की शाळेत मोबाईल नको. आम्ही दहा वर्षं तेच सांगत आलो, मोबाईल आणला तर जप्त, पालकांना बोलवा. मग मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि ज्याच्याकडे मोबाईल नाही त्याला शाळाच नाही अशी स्थिती आली. आपल्या मध्यप्रदेश सरकारने सुद्धा डिजीलेप म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर धडे पाठवायला सुरुवात केली. माझ्या वर्गातली मुलं वडील कामावरून रात्री घरी आले की साडेआठ-नऊला माझे व्हिडिओ बघायची आणि अकरा वाजता मला उत्तरांचे फोटो पाठवायची. कर्ज काढून फोन घेतले हो लोकांनी. शाळा उघडल्या आणि त्याच मुलांना त्याच फोनसाठी आम्ही परत चोरासारखं वागवायला लागलो. मुलं विचारत नाहीत तोंडावर, पण त्यांना हे कळतं.

आता कोणी म्हणेल की मग राहू द्या ना फोन, जमाना बदललाय. नाही. इथे मी अजिबात ढिली नाहीये. युनेस्कोचा 2023 चा शिक्षणावरचा रिपोर्ट आहे, त्यात एक गोष्ट दिली आहे की एकदा लक्ष उडालं की मुलाला परत त्या विषयात यायला 20 मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. आपला पिरियड 40 मिनिटांचा. म्हणजे दोन मेसेज आले की त्या मुलाचा गणिताचा तास संपला, तो बसलेला दिसेल, मान पण हलवेल. पिसा नावाची मोठी आंतरराष्ट्रीय परीक्षा होते पंधरा वर्षांच्या मुलांची, 2022 च्या फेरीत भारत नव्हता, पण ज्या विकसित देशांचा हिशोब त्यांनी मांडला तिथे सरासरी 65 टक्के मुलांनी सांगितलं की काही गणिताच्या तासांना तरी मोबाईल वगैरेने माझं लक्ष जातं, आणि 59 टक्के म्हणाले की दुसरा वापरत असतो त्याने माझं जातं. हा दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. माझा मुलगा जबाबदार आहे हो मॅडम, तो क्लासमध्ये काढत नाही, असं म्हणणाऱ्या आया इथे बसल्या असतील, त्यांच्या मुलाचा तास शेजारच्याच्या फोनने जातो.

आणि इंग्लंडचा एक अभ्यास तर मी माझ्या सगळ्या शिक्षकांना वाचून दाखवला होता. 2015 चा आहे, 91 शाळा बघितल्या, मोबाईलबंदीच्या आधीचे आणि नंतरचे मार्क. हुशार मुलांना काहीही फरक पडला नाही, ना वर ना खाली. मार्क वाढले ते अभ्यासात मागे असलेल्यांचे. मी एकतीस वर्षं बघितलंय ते हेच. पहिल्या बाकावरच्या मुलीला फोन असला काय नसला काय, तिच्या घरी आई आहे, ट्यूशन आहे, ती भरून काढेल. ज्याला घरी कोणी सांगणारं नाही त्याच्याजवळ फक्त तो 40 मिनिटांचा तास आहे, आणि नेमका त्याचाच तास फोन खातो. म्हणून मी फोन नको म्हणते, शिस्तीसाठी नाही, त्या मागच्या बाकासाठी.

पण मग कसा काढायचा, इथे आपण फार वाईट चुकतो. 2024 च्या ऑगस्टमध्ये आपल्याच शहरात, एका सरकारी कन्या शाळेत, वर्गात फोन वाजला म्हणून मुलींचे कपडे उतरवून झडती घेतल्याची तक्रार झाली, प्रकरण हायकोर्टाच्या इंदूर बेंचपर्यंत गेलं. पेपरमध्ये वाचलं त्या रात्री मला झोप नाही लागली. अहो फोनच तो. वाजला तर वाजला, तास बुडाला असता फार तर. मुलीच्या अंगाला हात लावण्याइतकी मोठी गोष्ट कोणताच फोन नसतो. आणि मुलींचं तर आधीच वेगळं आहे. असर नावाचा शिक्षणाचा सर्व्हे होतो, त्याचा 2024 चा खेड्यांमधला आहे, 14 ते 16 वयाच्या ज्या मुलांना स्मार्टफोन चालवता येतो त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे साधारण 36 टक्के आणि मुली 27 टक्के. मुलीच्या हातात फोन येणंच कठीण, आणि दिसला की पहिला संशय तिच्यावर.

दिल्ली हायकोर्टाने 2025 मध्ये एका केंद्रीय विद्यालयाच्या मुलाच्या केसमध्ये म्हटलं की पूर्ण बंदी घालणं योग्यही नाही आणि जमणारंही नाही, शाळेने शक्य असेल तिथे फोन जमा करून घ्यावा आणि सुटताना परत द्यावा, वर्गात वापर नको. मला हे शंभर टक्के पटलं, कारण आम्ही त्याच्या आधीच तसं करत होतो.

कसं करत होतो ते सांगते, कोणाला आपल्या शाळेत करायचं असेल तर. एका मुलीच्या आजीने, रामबागेत राहायच्या, जुन्या जीन्सचे खिसे कापून एका जाड चादरीवर शिवून दिले. सहा ओळी, ओळीत आठ खिसे, प्रत्येकावर पांढऱ्या दोऱ्याने रोल नंबर. ती चादर वर्गात फळ्याच्या बाजूला टांगायची. सकाळी आल्यावर ज्याने आणला असेल त्याने सायलेंट करून आपल्या खिशात टाकायचा, सगळ्यांना दिसतो, कोणी हात लावत नाही, सुटताना घ्यायचा. विचारायचं नाही का आणलास. पहिल्या आठवड्यात बारा फोन आले, म्हणजे आमच्या समजुतीपेक्षा दुप्पट, कारण आता लपवायचं कारण नव्हतं. आणि एकोणपन्नासावा खिसा, सगळ्यात वर, तो मॅडमचा. हे महत्त्वाचं आहे. आम्ही शिक्षक तासाला फोन टेबलावर ठेवतो, प्रिन्सिपलचा मेसेज आला की बघतो, मुलं ते बघतात. माझा फोन त्या खिशात गेला तेव्हा मुलांनी बाकीचे टाकले.

मग कामं काढायला घेतली. होमवर्क फळ्यावर, डायरीत उतरवूनच उठायचं, ग्रुपवर टाकलं तरी ते पालकांना माहिती म्हणून. ऑफिसमध्ये एक साधा बटणाचा फोन, त्याचा नंबर डायरीच्या पहिल्या पानावर, आणि तो उचलायचाच. गेटवर 12:40 ला एक बाई आणि वही, कोणतं मूल कोणत्या व्हॅनमध्ये बसलं त्याची टिक. दोन महिन्यात फोन बारावरून पाचवर आले, कोणाला न रागावता.

एक राहिलं, घरचं. इंग्लंडच्या बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीचा एक अभ्यास 2025 मध्ये आला, 30 शाळा, 1227 मुलं. बंदी असलेल्या आणि नसलेल्या शाळेतल्या मुलांच्या मनःस्थितीत फरक सापडला नाही, पण एकूण जितका वेळ जास्त फोनवर तितकी झोप आणि मन खराब. म्हणजे शाळेत सहा तास काढून घेतला आणि घरी रात्री एकपर्यंत दिला तर झाला तेवढाच हिशोब. आपल्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, तिथे 2022 मध्ये ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजवायचा आणि दीड तास सगळ्या गावाचे टीव्ही-मोबाईल बंद, मोठ्यांचे पण. आपल्या इथे लोकमान्य नगरात भोंगा नको वाजवायला, पण एका बिल्डिंगने ठरवलं तर होईल की नाही? जेवताना तुमचा फोन ताटाच्या शेजारी असतो तोवर मुलाला काही सांगू नका, मी माझ्या घरात करून बघितलंय, नाही ऐकत.

आता त्या मुलाचं. चौथ्या दिवशी मी त्याला फोन परत दिला, सहीशिवाय, आणि त्याची माफी मागितली, वर्गासमोर मागितली कारण वर्गासमोर रागावले होते. तो काही बोलला नाही, मान खाली. मग मी विचारलं की अरे तू मला सारखी वेळ का विचारत होतास, वर घड्याळ आहे ना. त्याने वर बोट दाखवलं. फळ्याच्या वर घड्याळ होतं आणि ते सव्वानऊला बंद पडलेलं होतं. किती दिवस, कोणालाच माहीत नाही. मी त्या वर्गात रोज शिकवत होते, माझ्या हातात घड्याळ होतं म्हणून मी वर कधी बघितलंच नव्हतं.

येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून सेल घेतला. त्यानेच बाकावर चढून लावला. पुढे वर्षभर 12:40 झाले की तो माझ्याकडे बघायचा, मी मान हलवायची, तो गेटपर्यंत जायचा आणि चार मिनिटांत परत येऊन गणित सोडवायला बसायचा, गेटवर बाई उभी राहायला लागली होती तरीसुद्धा.